निळं बियाणं

साहेब, तुम्ही बी नेलंत आणि पेरलं नाहीत.

खाल्लं असतंत तर एक वेळ सोडून दिलं असतं. भूक कुणाला चुकली आहे? विकलं असतंत तरी समजलं असतं. लोभ काही जगात नवा नाही. पण तुम्ही जे केलंत त्याला सुंदराबाईच्या माहेरी शब्दच नाही. शिवीसुद्धा नाही. असं तिथं आजवर कुणी केलंच नाही, तर शिवी कुठून असणार?

तुम्हाला सुंदराबाई आठवत नसेल. तुमच्या कचेरीच्या भिंतीवर जो मोठा फोटो लावलाय, त्यात ती आहे. तुम्ही पुढे हसत उभे आहात आणि तुमच्या मागे हिरव्या साडीतली एक बाई जमिनीवर बसून काहीतरी करतेय. खाली छापलंय, 'रांगोळीवर अखेरचा हात फिरवताना एक महिला कलाकार'. तो अखेरचा हात कसला होता हे सांगायचं तर कोठीपासून सुरुवात करावी लागते.

सुंदराबाई निकुंभ सुरतेच्या डिंडोलीत दुसऱ्या मजल्यावर राहते. दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत वीशी. वीशी म्हणजे खानावळ. सुरतेत राहून राहून मराठी माणसंही वीशीच म्हणू लागली. लूमच्या कारखान्यांत आणि मिलमध्ये राबणारी खान्देशची, मराठवाड्याची, वऱ्हाडाची माणसं तिथं मांडीला मांडी लावून भाकरी खातात. नवरा दत्तू सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाईच्या मिलमध्ये कामाला. मिलमध्ये आज कुठला रंग चालू होता ते त्याच्या नखांवर वाचता यायचं. जेवणारे टोमणा मारायचे, "वहिनी, दत्तूभाऊला आधी वाढू नका, सगळ्यांचा भात गुलाबी होईल."

वीशीच्या खोलीत दाराआड पत्र्याची एक कोठी होती. नवखा कुणी तिच्यावर डबा ठेवायला गेला की सुंदराबाई तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "तिच्यावर नको रे. ते माझं माहेर आहे."

कोठीत दादर होती. दादर म्हणजे खान्देशातली रब्बीची ज्वारी. पाऊस सरला, तापीचं पाणी उतरलं की काठच्या काळ्या रानात ती पेरायची आणि देवावर सोडायची. विहीर नको, मोटर नको. जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती माणसाच्या डोक्यावर जाते. भाकरी पांढरीधोप, दुसऱ्या दिवशीही मऊ. शिंदखेड्याकडे सुंदराबाईचं माहेर. तिथली दादर तर त्या रानाशी इतकी जुळलेली की बाजारातली दुसरी आणून टाकली तर पौषाचं वारं सुटताच आडवी होते.

आणि हे बी सुरतेत कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. कुणी विचारलं नाही. एका सालच्या पुरात तापी गावात शिरली आणि सुंदराबाईच्या भावाच्या, भटूच्या घरातली कणगी बुडाली. बी कुजलं. पलीकडच्या गावात आत्याकडे थोडं होतं म्हणून वंश राहिला. त्या पुरानं एक रीत घालून दिली. काढणीला सुंदराबाईनं गावी जायचं, उभ्या पिकातून कणसं निवडायची. अर्धं बी भटूकडे ठेवायचं, अर्धं भुसावळ पॅसेंजरनं डिंडोलीला आणायचं, राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात घालून कोठीत भरायचं. एक घर बुडालं तर दुसऱ्यात उरावं. खाडीचं पाणी डिंडोलीतही येतं, पण दुसऱ्या मजल्यावर अजून चढलेलं नाही.

तुम्ही फलकांवर जे भले मोठे शब्द रंगवता, साहेब, हवामानाला पुरून उरणारं, गाव आणि शहर जोडणारं, ते सगळं त्या कोठीत होतं.

यंदा होळीनंतर गारा पडल्या. कापणीला आलेली दादर एका दुपारीत झोडपून निघाली, उरली ती कणसं भिजून काळी पडली. भटूच्या वाट्याचं बी त्याच रानात पेरलं गेलं होतं; आत्याच्या गावीही गारांनी काही ठेवलं नव्हतं. त्या रानाची दादर आता जगाच्या पाठीवर एकाच ठिकाणी होती, डिंडोलीत, दाराआड. भटूनं फोन केला, "ताई, गणपती उठनात का मी येस. बी काढी ठेव." गणपतीचं विसर्जन झालं की तो बी न्यायला येणार होता.

त्या फोननंतर सुंदराबाईची झोप उडाली. वीशीत चूल पेटते, गॅसची नळी जुनी आहे, उंदीर आहेत. एकच घर उरलं की त्या घराची भीती वाटते.

अशात एका दुपारी शर्वरी आली.

शर्वरी तुमच्या कचेरीच्या अन्न महोत्सवाच्या कामावर नेमलेली. सुरतेच्याच सुखवस्तू अडाजणात वाढलेली, बँकेतल्या बापाची लेक, शुद्ध बोलणारी. "मी पण मराठीच हं, ताई," म्हणून ती चपला काढून आत आली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी ताटातली भाकरी संपवून उठली. पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाला सुंदराबाईनं दारातूनच ओळखलं असतं.

"हे बी महोत्सवाला द्याल का, ताई? गाव आणि शहर मिळून अन्न कसं टिकवायचं, हाच विषय आहे. आपल्या तापीचं अस्सल बी तिथं असावं असं साहेबांना फार वाटतं."

"साहेबाला बी पाहिजे?"

"हो. शक्यतो सगळंच द्या. महोत्सवात साहेब स्वतः तुमच्या भावाच्या हातात परत देतील, सगळ्यांसमोर. गणपतीनंतर लगेच आहे."

आता सुंदराबाईच्या माहेरची चाल सांगितली पाहिजे, नाहीतर तिला खुळी म्हणून मोकळे व्हाल. तिथं बी विकत नाहीत, आणि बी मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. त्याला उंबऱ्याच्या आत बसवतात, सुपातून बी देतात, वर हळदीचं बोट टेकवतात. कोठी मोकळी करायची नाही म्हणून तळाची मूठ तेवढी मागे ठेवतात. लिहून घेत नाहीत. पुढे पेरणी झाली की देणारा एकच गोष्ट विचारतो, कुठं पेरलं? आणि नेणाऱ्यानं सांगायचं, नाल्याच्या अंगाला, बांधावरच्या बाभळीखाली, जिथं असेल तिथं. दिलेली लेक कुठल्या घरात नांदते ते आईबापाला ठाऊक नको का? तसंच ते.

बी मागितलं म्हणजे तो पेरणार. मागून पेरत नाहीत असाही माणूस असतो, हे सुंदराबाईच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. तिनं मनाशी धरलं की साहेबाचं कुठंतरी सरकारी रान असेल. थोडं भटूच्या हातात देईल, थोडं स्वतः पेरील. दोन घरांची तीन घरं होतील. गार पडो, पूर येवो, कुठंतरी उरेल. त्या रात्री ती गाढ झोपली.

दत्तूनं सांगून पाहिलं होतं. "अर्धं ठेव ना व."

"मांगेल बी कोनी अर्धं देस का?"

"साहेबलोक शेतस ते. त्यासनी रीत आपली नही."

"तुमची नखं धुवा आधी," ती म्हणाली, "मग साहेबाला नावं ठेवा."

शर्वरी गाडी घेऊन आली. सुंदराबाईनं सूप भरभरून गोणीत ओतलं, हळद लावली, तळाची मूठ मागे ठेवली. शर्वरीनं त्या सुपाचा फोटो काढला.

महोत्सवाला सुंदराबाईला भाकरीची जागा दिली होती. थंडगार हॉल, बाहेर गाड्यांची रांग, आत प्लास्टिकच्या बाटल्यांचा डोंगर. मदतीला शेजारची सखुबाई आली होती. सखुबाई मराठवाड्याची; खाडीच्या कडेला मेथी, पालक, मुळा लावायची आणि डिंडोलीत दारोदार विकायची. श्रावणात तिच्या मळ्यावर बुलडोझर फिरला, फरशी बसवायला. ती फरशी चालायला आहे म्हणतात; तिथं चालताना कुत्रंही दिसत नाही. हॉलच्या दाराशी 'शहरी परसबाग' म्हणून चार कुंड्या मांडल्या होत्या. सखुबाईनं एका कुंडीत बोट घालून पाहिलं.

"माझी मेथी उपटून टाकली अन् हितं चार काड्या लावून टाळ्या वाजवायल्यात," ती म्हणाली. "माती तरी घालायची की रे. नारळाचा भुसा भरलाय."

"गप ना," सुंदराबाई म्हणाली. "आपलं काम झालं म्हणजे झालं. भटू येतोय."

परात ठेवायला जागा बघत सखुबाई हॉलच्या मध्यावर गेली आणि तिथंच थबकली; मागून आलेली सुंदराबाईही. जाड दोरीच्या आत, जमिनीवर, धान्याच्या रांगोळीत तापी पसरली होती. वरच्या टोकाला गावं, खालच्या टोकाला सुरत आणि समुद्र. हिरवी शेतं मुगाची, शहर मसुरीचं आणि नदी निळी. दाणा दाणा डिंकानं चिकटवलेला, पंख्यानं उडू नये म्हणून. वर फलक, 'शेतापासून ताटापर्यंत'.

शर्वरी धावत आली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "ताई, बघितलंत? सगळ्यात मध्ये तुमचंच बी. नदी तुमची आहे."

सुंदराबाई बघत राहिली. "आणि पेरायचं?"

"म्हणजे?"

"भटूच्या हातात देणार होते ना साहेब?"

"देणार आहेत ना. पाकीट केलंय छान. प्रतीक म्हणून." शर्वरीचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

दत्तू मिलची पाळी टाकून आला होता. तो दोरीखालून वाकला, एक दाणा नखानं उचकटला, दाताखाली धरला. मग आपल्या नखाशी लावून पाहिला. दोन्हीही सारखेच निळे.

"हाऊ मिलना रंग शे," तो म्हणाला. "उकळता पानीबिगर बसत नही." आणि दाणा चिमटीत चुरडून, "बी शिजाडी टाकं यासनी."

तेवढ्यात तुम्ही आलात, साहेब. पुढे मागे माणसं, कॅमेरे. भाषणात तुम्ही सांगितलंत की शहरानं गावाचं ऋण विसरू नये. चांगलं बोललात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखुबाईनंही वाजवल्या, पिठाच्या हातांनी, मुद्दाम सगळ्यांच्या नंतर.

सुंदराबाई तुमच्यापुढे आली. "साहेब, बी?"

"हां बेन, बहु सरस," तुम्ही कौतुकानं म्हणालात.

शर्वरीनं तुमच्या कानाशी काहीतरी सांगितलं. तुम्ही घड्याळ पाहिलंत. "तो दूसरी दे दो ना इनको. जुवार ही है ना?"

तुमच्या मागच्या माणसानं खिशात हात घातला. "बोलो मावशी, कितने की थी?"

"विकाऊ नाही," सुंदराबाई म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं भाव वाढवतेय.

मग तिनं चपला काढल्या. दोरीखालून आत गेली. अन्नावर पाय देत नाहीत म्हणून समुद्राच्या टोकाला, कोऱ्या फरशीवर बसली, कमरेला खोचलेलं उलथणं काढलं आणि नदी खरवडायला लागली. दाणे पदरात. थोडं खरवडलं की बसल्या बसल्या पुढे सरकायची. सुरतेपासून गावाकडे, प्रवाहाच्या उलट. हॉलमध्ये उलथण्याचा खर्र खर्र आवाज भरला. रखवालदार पुढे झाला तेव्हा शर्वरीनं त्याचा दंड धरला. कॅमेरेवाल्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. त्यांनी तुम्हाला जरा बाजूला व्हायला सांगितलं, म्हणजे बाई नीट दिसेल. तुम्ही बाजूला झालात आणि हसलात.

तोच तो फोटो.

भटू उधना स्टेशनवरून थेट आला होता, नवी पांढरी टोपी घालून. त्यानं दोरीपाशी उभं राहून बहिणीला पाहिलं. तेवढ्यात स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं. तो गेला. नमस्कार करून पाकीट घेतलं, खाली येऊन फोडलं. आत झेंडूचं बी होतं.

घरी आल्यावर सुंदराबाईनं ते निळे दाणे धुतले. धुतले म्हणजे किती धुतले, मोरी निळी झाली, बादली निळी झाली, तिचे हात दत्तूसारखे झाले. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर पाटा ठेवून कोपऱ्यात ठेवले. शिजलेलं बी उगवत नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी ती उठता बसता गोणपाट उघडायची. जेवणाऱ्यांनी टोमणे मारायचं सोडून दिलं. कुणी कोठीवर डबा ठेवला तरी ती काही बोलत नव्हती. पुढे पुढे गोणपाटाला आंबूस वास यायला लागला.

भटू थांबला होता. तो तिला एक शब्द बोलला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

"बोल ना काही," ती म्हणाली. "शिव्या दे."

"कसाले?" भटू म्हणाला. "कोनी मांगं आनि तू दिधं. मी बी दिधं असतं."

रानातली ओल कुणासाठी थांबत नाही. त्याला निघावं लागलं. सुंदराबाईनं कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळाची मूठ काढली. भटूनं ती टोपीच्या घडीत बांधली. पांढरी टोपी, पांढरे दाणे.

"एक काकर व्हई," तो म्हणाला. एक काकर, म्हणजे नांगराची एक रेघ. बाकीच्या रानात हरभरा टाकायचा. यंदाच्या काकरीतून पुढच्या साली वाफा, वाफ्यातून त्याच्या पुढच्या साली पट्टा. आणि येत्या होळीला त्या एका रेघेवर गार पडली तर काहीच नाही. दुसरं घर आता मोकळं आहे. पत्रा वाजवून बघा, घणघणतो.

नवरात्र बसलं त्या दिवशी भटूचा फोन आला. तिनं विचारायच्या आधीच तो बोलला, "ताई, पेरं. इहिरना आंगे, बाभूयखाले." विहिरीच्या अंगाला, बाभळीखाली. मूठभर नेलं होतं, तरी रीत म्हणून सांगितलं.

फोन ठेवला आणि सुंदराबाई उठली. सूप घेतलं, गोणपाटातले आंबलेले निळे दाणे त्यात ओतले, वर हळदीचं बोट टेकवलं. दत्तू म्हणाला, "मी येस." ती म्हणाली, "बी मी दिधं. इचारसू मीच."

कचेरीत शिपायानं तिला अर्ज लिहायला सांगितला. ती म्हणाली, अर्ज नाही, एक गोष्ट विचारायची आहे. मग साहेब मीटिंगमध्ये होते. मग साहेब जेवत होते. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. ती सूप मांडीवर घेऊन बाकावर बसायची, संध्याकाळी वीशीच्या भाकऱ्यांच्या वेळेला उठून जायची आणि सकाळी परत यायची. समोर भिंतीवर तो फोटो. येणारे जाणारे फोटोकडे बघायचे, मग तिच्याकडे बघायचे, आणि कुणालाच काही लक्षात यायचं नाही.

शर्वरी तिच्याजवळ येऊन बसली. "माझं चुकलं, ताई. मला खरंच वाटलं होतं की ते परत..." तिनं सुपाच्या कडेला हात लावला. "माझ्यावर रागवा तुम्ही."

"तू मागायला आली होतीस, पोरी. नेलं साहेबानं," सुंदराबाई म्हणाली. "तुझ्यावर रागावून मी मोकळी होईन, आणि साहेबही मोकळा होईल. तसं नाही करायचं."

शेवटी तुम्ही आत बोलावलंत. शिपाई सांगून सांगून थकला असेल, किंवा दारातल्या वासानं पाहुणे नाक धरायला लागले असतील. तुम्ही उठून नमस्कारही केलात. पुढच्या वर्षी महोत्सव आणखी मोठा होणार, तिला पुढची जागा देऊ, असं म्हणालात. शर्वरी दारात उभी होती, ती मराठी करून सांगायला लागली. सुंदराबाईनं हातानं तिला थांबवलं. सुरतेत इतकी वर्षं काढली, तेवढं तिला कळतं.

तिनं सूप तुमच्या टेबलावर ठेवलं. काचेवर, फायलींच्या वर, चहाच्या कपाशेजारी. निळं पाणी सुपाच्या विणीतून गळून तुमच्या कागदांवर पसरलं. तुम्ही खुर्ची मागे घेतलीत.

"भाऊ मूठ घेऊन गेला, त्यानं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही कोठी नेलीत. तुम्ही अजून सांगितलं नाही."

तुम्ही शर्वरीकडे पाहिलंत. शर्वरी जमिनीकडे बघत होती. टेबलावरचा फोन वाजायला लागला आणि तुमचा हात तिकडे गेला. सुंदराबाईनं त्या हातावर आपला निळा हात ठेवला.

"फोन नंतर घ्या, साहेब. मी जात नाही. बी तुम्ही मागून नेलंत. कुठं पेरलं?"